जिन्यावरून

दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर घर.
लिफ्ट नाही, म्हणून मृदुलची हाक
पावलांच्या आधी वर पोचते.
दोन वर्षांपूर्वीपर्यंत मराठीत यायची,
आता गुजरातीत: आवुं छुं!

मला वाटलं, नोकरीचा परिणाम,
अलकापुरीच्या ऑफिसात दिवसभर तेच कानावर.
मग एकदा भेंडी चिरताना उमगलं
की 'आवुं छुं'ला ना मिशी, ना बांगडी.
आपल्याकडे 'येतो' म्हटलं की दारात आधी पुरुष उभा,
'येते' म्हटलं की बाई,
आणि माणूस मागेच, जिन्यात,
चपलेचा पट्टा सोडवत.

साठ वर्षं ही भाषा तोंडात आहे,
तिच्या शेपटाकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.
आता भातातल्या खड्यासारखं
प्रत्येक घासाला लागतं.

तेव्हापासून वाक्यं उसवणं चालू आहे.
'कधी निघणार?' चालतं.
'जेवण झालं?' उत्तम, ते तर घरात होतंच.
'दमलं का माझं लेकरू?' यावर उत्तर आलं,
"सव्वीस वर्षांचं लेकरू जीएसटी भरतं का?"
एका रविवारी 'तुम्ही जेवलात का?' करून पाहिलं,
जुन्या सरदारांकडे पोरांनाही असंच विचारत म्हणे.
सेव-उसळीचा रस्सा थेट नाकात.
"मी काय व्याही आहे का?"

रागावताना मात्र काही सुचत नाही.
गादीवर ओला टॉवेल दिसला
की जुनंच शेपूट जिभेवरून सुटतं.
मृदुलचा एक शब्द नाही.
फक्त गॅलरीत टॉवेल झटकल्याचा आवाज,
नेहमीपेक्षा जरा मोठा.

समोर नव्याने राहायला आलेल्या हंसाबेननी विचारलं,
छोकरो छे के छोकरी?
माझ्या तोंडून निघालं, "आमचं धाकटं."
शाळेत त्या तिसऱ्या लिंगाचं नाव आलं
की सगळा वर्ग खिदळायचा.
आणि घरात बघावं तर
लाडाचं सगळं त्याच खणात ठेवलेलं:
पाखरू, कोकरू, सोनं, धाकटं.

काल लाइट गेली होती.
जिन्यात पावलं वाजली, हाक नाही.
"कोण?"
"मी. दूध आणलंय."
मराठीत.

"ये," एवढंच माझ्याकडून,
आणि कडी काढताना हात
उगाच दोनदा चुकला.