पहिली असाइनमेंट

स्वतःचं नाव टाइप करा,
त्यातली अक्षरं मोजून छापा. शुक्रवारपर्यंत.
एवढंच दिलं होतं मी.

तुन्जायचे सहा, सहाच आले.
त्यानं बॅग उचलली, जेवायला गेला.

इशिलच्या नावात तुर्की अक्षरं चार.
पडद्यावर सहा.
पुन्हा चालवलं. सहा.
तिनं बोटांवर मोजलं, मग वहीत लिहून,
मग मला विचारलं, "माझं नाव चुकलंय का?"

त्राब्झोनच्या बंदरात दिवे लागले होते,
लॅबमधला चहा कधीचाच निवलेला.
उत्तर मला येत होतं.
जिभेखाली धरून ठेवलं,
हेझलनटच्या टरफलासारखं.

आठच्या सुमारास तिनं नावाचे तुकडे केले,
एकेक अक्षर सुटं मोजलं.
शेपटीवाल्याला दोन जागा.
ठीक आहे, शेपटी कुठंतरी ठेवायला हवीच.
पण हे पुढचं?
याच्या डोक्यावर तर साधा ठिपकाही नाही,
आणि यालाही दोन.

"नसलेल्या ठिपक्याला जागा लागते?"
हसली की चिडली, मला कळलं नाही.

पहारेकरी किल्ल्या वाजवत दारात उभा.
मी म्हटलं, सांगू का?

"नको," ती म्हणाली,
"शुक्रवारला अजून दोन दिवस आहेत."