लाल बाजू

डबे दोनच मिळाले, लाल आणि पांढरा.
दगड अर्धा-अर्धा रंगवायचा,
लाल तोंड सुरुंगांकडे, पांढरं गावाकडे.
कुइतोच्या बाहेर, ओढ्यापलीकडच्या रानाभोवती
मी एक्केचाळीस दगड मांडले.

कासोमा सात वर्षांचा. हात मागे बांधून बघत होता.
"म्हणजे लाल दिसला
तर मी आधीच आत?"

मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.
हो, म्हटलं. मग हलायचं नाही.
जागेवरून हाक मारायची.
"आणि कुणी ऐकलंच नाही तर?"
ते प्रशिक्षणात नव्हतं.

पाट्याही होत्या. लाल त्रिकोण, कवटी,
खाली पोर्तुगीज अक्षरं, शाळा न पाहिलेल्यांसाठी.
कवटीचे दात मी हौसेनं काढले, एकेक सुटा.
पोरं म्हणाली, हा हसतोय.
तिसऱ्या दिवशी बसून सगळ्यांचे दात बुजवले.

आम्ही यायच्या आधी गावाची आपली बाराखडी होती.
गवताला गाठ : कुणाला तरी शंका आलीय.
दोन फांद्यांची फुली : इथे शेळी गेली.
आणि काठीवर उलटा खोचलेला
एकच बूट.
त्याच्यापुढे कुणी काही विचारत नसे.
तेवढा गडद लाल माझ्या डब्यात नव्हता.

तो उपटून तिथे पाटी ठोकायला गेलो
तर न्गेवे आडवी आली.
बोलली नाही. नुसती उभी राहिली,
मी हातोडा खाली ठेवेपर्यंत.
पाटी चार हात अलीकडे ठोकली.
नकाशात ती अजून चुकीच्या जागी आहे.

सहा वर्षांनी रान मोकळं झालं.
सही झाली, शिक्का बसला,
साहेब स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले,
सावकाश, फोटोसाठी.
पाट्या निघाल्या, खिळेसुद्धा मोजून परत घेतले.
पायवाट मात्र अजून
बुटाच्या जागेला वळसा घालते.
मक्याच्या ओळी तिथे वाकतात जराशा.
वाकल्या नाहीत असं सगळे म्हणतात.

दगड कुणालाच नको होते.
त्यातले तीन न्गेवेनं नेले, चुलीसाठी.

परवा तिच्याकडे जेवायला बसलो.
मक्याचं पीठ रटरटत होतं,
तिची नात रांगत रांगत उबेकडे निघालेली.
बाहेरून तिन्ही दगड पांढरे,
धुरानं थोडे करपलेले.
मी वाकून बघितलं.

लाल तोंडं आत, जाळाकडे.
मी मांडून दिले नव्हते.