पाणी किती

कोचकोरला बस थांबते, तिथून पुढे
जुन्या सामुदायिक शेतीचं लोकरीचं गोदाम.
आत आम्ही सात जण, चार दिवसांसाठी:
दोन शिक्षिका, एक नर्स, एक आई आणि तिची लेक,
बँकेने काढून टाकलेली मी,
आणि एसेनबेक, टॅक्सीवाला,
कारण पैसे भरल्यावर त्याच्या बायकोचा पाय मोडला.

तुरसुनाय एजेने हातात काठ्या दिल्या. एवढंच स्वागत.
समोर चामड्यावर लोकरीचा ढीग:
लेंड्या, काटे, कुणाच्या तरी कुत्र्याचे केस.
झोडा, म्हणाली.
आम्ही झोडलं.
आधी गाद्या झटकाव्यात तसं, सभ्यपणे.
मग नर्सने दात आवळले
आणि तिच्या काठीखाली कोण कोण येऊन गेलं
ते तिचं तिलाच ठाऊक.
मीही शाखाधिकाऱ्याला दोन हाणल्या.
लोकर मात्र फुलतच गेली.

मी वही आणली होती. समास आखलेली.
एजे, पाणी किती?
लागेल तेवढं.
किती गरम?
हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त.
आणि लाथा किती मारायच्या?
तिने वही मागून घेतली.
मला वाटलं, लिहून देणार.
तिने ती डुगडुगत्या समोवाराच्या पायाखाली सरकवली.

दुसरा दिवस.
थरावर थर, चीय गवताच्या चटईत गुंडाळून
दोरी ओढणारे तिघे, लाथा मारणारे चौघे,
गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
नमद्याला ताणा नसतो, बाणा नसतो,
कुणी कुणाला गाठ मारलेली नसते;
केसात केस अडकतो तो नुसता
कढत पाण्याने आणि तुडवल्याने.
(त्या आई-लेकीत बोलणं नाही, हे जेवताना कळलं.
लाथा मात्र एका तालात पडत होत्या.)
संध्याकाळी उजेडाला धरला:
मधोमध एक विरविरीत जागा.
सगळ्यांनी आपापली बाजू आठवून पाहिली.
ती माझी होती.
एजेने त्यातून एक डोळा लावून माझ्याकडे बघितलं
आणि चहा ओतला.

मग सुरी.
खाली लाल नमदा, वर निळा, दोन्ही एकदमच कापायचे.
लालातून निघालेलं शिंग निळ्यात बसतं,
निळ्यातलं लालात,
टाकायला काही उरत नाही.
ऐकायला फार छान.
माझी सुरी घसरली
आणि मेंढ्याचं एक शिंग मुळापासून गेलं,
दोन्ही रंगांत.
इथे चूकही जोडीने होते, एसेनबेक म्हणाला.
मी विचारलं, शिवून घेऊ? लपेल?
एजे बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
माझ्या पहिल्या शिर्दाकवर घरात अजून जेवणं होतात.
त्यात फूल करायला गेले, बेडूक झाला.
नातवंडं भांडतात, बेडकावर कोण बसणार म्हणून.

चौथ्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं कमी:
दाभण. दोरा. दाभण.
अंगठ्यात दोनदा, तर्जनीत किती ते मोजलं नाही.
एसेनबेकचे टाके सगळ्यांत सरळ.
तो ते फोनवर बायकोला दाखवत होता.
ती हसली नाही,
जवळ धर, म्हणाली, अजून जवळ.

निघताना वही परत मिळाली.
वर समोवाराच्या पायाचा गोल डाग,
आत एकच ओळ, माझ्या अक्षरात: पाणी किती,
आणि पुढचं पाण्यानेच पुसलेलं.

परतीच्या मिनीबसमध्ये
शेजारच्या बाईने वास घेतला, पण सरकली नाही.
मेंढरं किती तुमची?
मी मांडीवरची वळकटी जराशी उलगडली.
एकच, म्हटलं.
एका शिंगाचं.