जमा मिनिटं चार

अशोक चौकात, बॅटरीच्या दुकानावर,
बिराजदारांचं सायबर कॅफे. तासाला वीस रुपये.
वीस रुपये म्हणजे आईच्या चारशे विड्या.
हा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता,
घरातल्या तंबाखूच्या वासासारखा तो अंगाला होताच.

बुधवारी माझा तास.
यंत्र सुरू व्हायला तीन मिनिटं: वीस विड्या.
निळा पडदा यायचा. त्याच्याकडे बघत बसायचं नाही,
बघण्याचेही पैसे पडतात.

म्हणून बाकीचे सहा दिवस मी वहीत प्रोग्रॅम लिहायचे,
विडी घरकुलात, ओट्यावर,
आणि ओळीवर बोट ठेवून स्वतःच चालवायचे.
आय एक झाला, आय दोन झाला, आय तीन,
दहा झाला की बाहेर पडायचं.
"काय बडबडायलीस गं?" शेजारची नरसूबाई विचारायची.
तिला वाटायचं, पोरगी जप करते.

पुस्तक नव्या पेठेतल्या रद्दीतलं.
एकशे चाळीस ते एकशे सत्तर पानं त्यात नव्हतीच,
त्यामुळे पॉइंटर मला फार उशिरा भेटले.
कीबोर्ड चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आखलेला;
बॅकस्पेसपर्यंत पुठ्ठा पुरला नाही.
चुकायचं नाही, एवढंच ठरवलं.

चुकले.
सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला
आणि यंत्र आठव्या ओळीवर बोट ठेवून ओरडत राहिलं.
बिचारी आठवी ओळ मी पुसली, लिहिली, परत पुसली.
अकरा मिनिटं.
त्र्याहत्तर विड्या, एका टिंबाच्या आणि त्याखालच्या शेपटीच्या.
सापडला, तेवढ्यात लाईट गेली.

आधी पंखे थांबले,
मग मागच्या गल्लीतले माग, एकामागून एक,
आणि दिवसभर कानात असलेली खटखट गेली
तेव्हा कळलं, ती होती.
बिराजदार रजिस्टर घेऊन दाराच्या उजेडात गेले.
"मार्गम. तेवीस मिनिटं जमा. पुढच्या बुधवारी ये."
फक्त आडनाव लिहायचे. शाई महाग असल्यासारखे.

पुढच्या बुधवारी तो चालला.
विड्या सहा हजार. हजारी पन्नास.
मजुरी तीनशे.
प्रिंटचे तीन रुपये वेगळे, म्हणून तळहातावर उतरवून घेतलं
आणि मूठ न मिटता घरी आले.

आई पानं कापत होती. कात्री थांबली नाही.
"तप्पु," म्हणाली.
चूक.
"तीनशे कधी बघितलीस या घरात?"
मग मराठीत, कारण भांडणाचा हिशेब ती
कारखान्याच्या भाषेत करते:
"चेकर दोनशे छाट काढतो. दहा गेले.
जर पानं कमी पडली, तर बाजारातनं पदरची आणायची.
चाळीस गेले. लिही."

जर. तर.
पुस्तकात हा धडा होता,
पण तिथं राजू पास का नापास, एवढंच विचारलं होतं.
मी वहीत दोन ओळी घातल्या,
अर्धविराम दोन्हीकडे, ठसठशीत,
आणि ओळीवर बोट ठेवून आईसमोर चालवलं.
अडीचशे.
तिनं सूप मांडीवर ओढलं.
"आता बरोबर." मग जरा थांबून,
"एवढं सांगायला तो वीस रुपये घेतो?"

आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.
बिराजदार मुलाकडं गेले म्हणे, लातूरला का कुठं.
रजिस्टर कुणी नेलं, विचारलं नाही.
शेवटच्या पानावर मार्गमपुढं
चार मिनिटं जमा असणार. ती मी वापरली नाहीत.
सत्तावीस विड्या होतात.
एक कट्टा, आणि वर सुट्या दोन.