दीड सेंटिमीटर

तन्वेश कुबल दोन कुप्या घेऊन आला
रुमालात गुंडाळून.
रुमालाला बांगड्याचा वास.
"ताई, तुझ्या फ्रीजात ठेव.
आमच्यात लाइट गेली काय
बरफ मासळेक पुरता तितकोच."
मग आवाज उतरवून,
"ह्यातला बरा खयचा?"

मी चष्मा लावला.
लेबलावर: फक्त संशोधनासाठी.
कोण करतंय संशोधन, मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर?

म्हटलं, ही जीएचआरपी-सहा
भुकेचं सोंग घेऊन दार वाजवते.
मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी फसते,
देते काय द्यायचं ते,
आणि तू रात्री दोन वाजता
भाताचा टोप खरवडत बसतोस.
ही दुसरी, इपामोरेलिन, सभ्य.
चपला बाहेर काढून येते,
पोटाला फारसं उठवत नाही,
लवकर निघूनही जाते.
एक तिसरी असते, आठवडाभर मुक्काम ठोकणारी.
ती आणली नाहीस ते बरं केलंस.
पण ऐक, यातली कुणीच
पदरचं काही देत नाही.
तुझंच तुझ्याकडे मागतात,
मागतच राहतात.

"पण वाढतलंय मा मी?"

तेव्हा उजेड पडला.
पोलीस भरतीला एकशे पासष्ट लागतात.
धावण्यात हा पुढे, गोळाफेकीत पुढे,
पट्टीखाली उभा राहिला की
एकशे साडेत्रेसष्ट.

दुकानाच्या भिंतीवर जिराफ आहे,
बाळाच्या दुधाच्या कंपनीने दिलेला.
एकशेवीसला त्याची मान संपते.
तरी तन्वेश त्याला पाठ लावून उभा राहिला,
टाचा किंचित उचलून,
माझं लक्ष बिलबुकात आहे असं समजून.

मनगटाचा एक्स-रे काढ, म्हणणार होते.
पण त्यात काय दिसणार ते मला ठाऊक आहे.
एकोणिसाव्या वर्षी
हाडांची टोकं बहुधा मिटलेली असतात.
मग आतून कुणी कितीही हाका मारो.

त्याचा बाप रापणीचा दोर ओढतो,
जेमतेम पाच फूट.
हे त्याला सांगून काय उपयोग?

रात्री शटर ओढण्याआधी फ्रीज उघडला.
इन्सुलिन, धनुर्वाताची लस,
खोबरेकर बाईंचे डोळ्यांचे थेंब,
आणि मागे तो रुमाल.
वास अजून बांगड्याचाच.

उद्या येईल, उद्या सांगेन.
असं म्हणतेय त्याला आज
पाचवा दिवस.