गेटवरचं रजिस्टर

मंगळवारी सकाळी पावणेसातला
सातपूरच्या आमच्या शेडमध्ये
प्रत्येक स्क्रीनवर एकच पत्र होतं.
नम्र. नमस्कारासकट.
फायली सुखरूप आहेत म्हणे,
फक्त किल्ली आमच्याकडे.
खाली बहात्तर तासांचं घड्याळ उलटं चाललेलं.

निनाद फोनवर ओरडला,
मॅडम, बंद करू नका, आधी वायरी उपटा.
टेबलांखाली रांगत मी एकवीस उपटल्या,
गुडघे काळे, नखांत ब्रासचा कीस.
बाविसावी सर्व्हरची.
तिथे पोचेतो पाणी चढून गेलं होतं.

गोदेचा पूर परवडला.
दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं की
भांडीवाले माल आवरायला घेतात.
इथे कुठल्या मारुतीकडे बघायचं?
ते नऊ दिवस आत होते, निनाद म्हणाला.
म्हणजे नऊ दिवस
आम्ही त्यांच्यासोबत चहा पीत होतो.

बॅकअपची डिस्क दर शुक्रवारी काढून
कपाटात ठेवायची, दुसरी लावायची,
असं भिंतीवर लिहिलंय. अक्षर माझंच.
मुलीच्या बाळंतपणाला गेले
आणि लावलेली तशीच राहिली.
गायधनी साहेबांना हे सकाळी नाही सांगितलं.
दुपारी सांगितलं.
ते काही बोलले नाहीत,
दोन चहा मागवले.

धाकटे गायधनी म्हणाले, देऊन टाकू तीस लाख,
लग्नात जातात एवढे.
थोरले म्हणाले,
चोराकडून पावती घेणारेस का?
मग सायबर ठाणं. मग गिऱ्हाइकांना फोन, ते मी केले.
चाकणचा माणूस बराच वेळ गप्प राहिला,
मग हळूच म्हणाला, आमचंही झालं होतं.

कपाटातली डिस्क तेवीस दिवस जुनी.
मधले तेवीस दिवस कुणाकडेच नव्हते.
होते. अर्जुन बागूलकडे, गेटवर.
सगळं सिस्टीममध्ये येतं, लिहू नकोस,
असं त्याला दोनदा सांगितलं होतं. एकदा मीच.

तीन रात्री तो वाचत गेला, मी भरत गेले.
छोटा हत्ती, टर्मिनल चाळीस पेट्या, ड्रायव्हरला ताप.
कांद्याचा ट्रक, पत्ता चुकला, पिंपळगावला पाठवला.
कॉपर पट्टी, वजनात दोन किलो कमी, बोललो.
लाईट नाही. साप निघाला, धामण.
हे कुठल्या रकान्यात घालू, मी विचारलं.
तो म्हणाला, मला काय माहीत, झालं ते लिहिलं.

आणि चौदा तारखेला:
खैरनार मॅडम चार वाजता गेल्या, घाईत.
नात झाली. पेढे बाकी.

घड्याळ शून्यावर आलं तेव्हा
आम्ही एकोणिसाव्या दिवसावर होतो.
कुणी वर बघितलं नाही.
काही ड्रॉइंगं गेली, ती गेलीच.

आता महिन्यातून एकदा
डिस्कवरचं सगळं खरंच परत येतं का, बघतो.
आणि शुक्रवारी मी गेटवर थांबते.
बागूल चष्मा लावतो,
टेम्पोची करतो तशी नोंद करतो:
सहा दहा. डिस्क, एक नग,
मॅडमच्या जेवणाच्या डब्यात, बाहेर.
पेढे मिळाले.