डाग

माझं काम डाग देण्याचं.
गाबेसच्या बंदरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
फुटक्या नांगरांना, होड्यांच्या सुकाणूंना,
लोकांच्या खिडक्यांच्या गजांना.
तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा,
हातात सूर्याचा एक कपचा,
आणि पाठीमागे जमलेल्या पोरांवर खेकसणं :
बघू नका रे, डोळे जातील.

युस्र दीड वर्षाची असताना
तिच्या नाकावर तीळ उमटले.
हयात म्हणाली, भाकरीवर लावतो तसे दिसतात.
आम्ही मोजायचो. हसायचो.
उन्हाळा सरता सरता मोजदाद सुटली.
एकदाच समुद्रावर नेलं,
तर रात्रभर पापण्या सुजून बंद,
आणि रडणं असं, की शेजारी दार वाजवून गेले.

ट्यूनिसच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
कागदावर एक धागा काढला, मधेच तोडला.
ऊन सगळ्यांचाच तोडतं, म्हणाल्या,
बाकीच्यांचा आतल्या आत सांधला जातो.
हिच्यात तो सांधणारा नाही.
मग फॉर्म पुढे ओढून विचारलं,
आपण काय करता?
मी सांगितलं.
त्यांचं पेन थांबलं.

तेव्हापासून शेड गावाबाहेर.
ठिणगी कपड्यांतून घरी येत नाही, कळतं मला,
तरी सदरा उंबऱ्याबाहेर झटकतो.

उन्हाला माणसांनी किती लाडाची नावं ठेवलीत :
कोवळं, तिरीप, कवडसा.
माझ्या खिशातल्या यंत्राला फक्त आकडे येतात.
काचेला पडदा चिकटवला, तरी कवडशाला आकडा आहे.
वाण्याच्या दुकानातल्या नळीला आहे.
शाळेच्या दिव्यांना होता; मी स्वतः शिडी लावून बदलले,
मुख्याध्यापक खाली उभे राहून
बिल कोण देणार ते विचारत होते.

चंद्राची मुलं म्हणतात यांना.
नाव गोड आहे.
ठेवणाऱ्याला रात्री दहाला
रिकाम्या बागेत एकट्या पोरीचा झोका
ढकलावा लागला नसावा.

पण रमजानात
सगळं गाव तिच्या घड्याळावर येतं.
दिवसभर दारं ओढलेली, गल्ली मेल्यासारखी,
आणि तोफ झाली, सूप प्यायलं,
की पोरं बाहेर, म्हाताऱ्या बाहेर,
न्हाव्याची खुर्चीसुद्धा रस्त्यावर.
मग युस्र खाली उतरते, उघड्या तोंडाने.
दोरीवरच्या उड्या. भांडणं. खोटं बोलणं.
सिरीननं तिची वेणी ओढली, तिनं सिरीनला चावलं,
दोघींच्या आया भांडल्या,
आणि हयात घरात येऊन हसत राहिली
की बघ, आपल्याकडे तक्रार आली.
पहाटे ढोलवाला लोकांना उठवायला येतो,
आमच्या दाराशी ती जागीच असते.
त्याने एकदा तिला काठी दिली होती.
अख्खी गल्ली तिनं उठवली.

मग ईद.
ईद सकाळी असते.
नवे कपडे उन्हात मिरवायचे असतात.

एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर.
यंत्राने शून्य दाखवलं, तसा मी तिचा मुखवटा उतरवला;
कपाळावर पट्ट्याचा वळ, गालावर नवीन दोन डाग,
ते मी पाहिले आणि काही बोललो नाही.
सगळ्या गच्च्यांवर माणसं पश्चिमेकडे तोंड करून.
चंद्र नाही दिसला तर अजून एक रात्र मिळते.
तिनं माझी बाही धरली.
बाबा, ढग आहेत ना तिकडे?

वीस वर्षं ज्वाळेकडे बघून
माझे डोळे अर्धे झालेत.
तरी मला दिसला,
खजुरीच्या शेंड्याला लागून,
नखाच्या कातरणीएवढा.

आहेत, म्हटलं. बरेच आहेत.

आणि शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडेपर्यंत
आम्ही दोघं ते ढग बघत राहिलो.